कट्ट्यावर किती जण बसलेत?

१९६१ साली न्यूयॉर्क शहराने बिल्डरांपुढे एक घसघशीत आमिष टाकलं. उंच इमारत बांधताना समोर लोकांसाठी मोकळं अंगण सोडा. सोडलेल्या दर चौरस फुटामागे दहा चौरस फूट जास्तीचं बांधकाम आम्ही मंजूर करू. एकाला दहा! तेही मॅनहॅटनमध्ये. असा सौदा कोण सोडेल? बिल्डरांनी धडाधड अंगणं सोडली. दहा-बारा वर्षांत त्यांची बेरीज २० एकरांच्या घरात गेली. जगातली सर्वांत महाग मोकळी जमीन बहुधा हीच असावी, कारण तिच्या प्रत्येक फुटाची किंमत शहराने आभाळातल्या दहा फुटांनी चुकती केली होती.

आता एवढा खर्च करून मिळालेल्या या जागांवर लोक काय करत होते? बहुतेक ठिकाणी, काहीही नाही. गुळगुळीत फरशी, कुठे एखादं कारंजं, आणि ऑफिस गाठायच्या घाईत अंगण तिरकं कापून जाणारी माणसं. भर दुपारी, जेवणाच्या सुटीत, हजारो कर्मचारी रस्त्यावर उतरलेले असताना ही अंगणं रिकामी! आणि तरीही काही मोजकी अंगणं मात्र ओसंडून वाहायची. पार्क ॲव्हेन्यूवरच्या सीग्राम इमारतीसमोर चांगल्या हवेच्या दुपारी दीडशेच्या आसपास माणसं बसलेली दिसत. कुणी सँडविच खातंय, कुणी ऊन खातंय, कुणी नुसतंच येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतंय.

शहर तेच, हवा तीच, माणसं तीच. मग एक अंगण भरलेलं आणि दुसरं ओस, हे कसं?

गंमत अशी की हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. नियम करणाऱ्यांनी नियम केला, नकाशे काढणाऱ्यांनी नकाशे काढले. पुढे जाऊन बघणं हे कुणाचं कामच नव्हतं. ते अंगावर घेतलं विल्यम व्हाइट नावाच्या पत्रकाराने. 'फॉर्च्युन' मासिकात त्याने बरीच वर्षं काढली होती आणि मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांवर लिहिलेल्या 'द ऑर्गनायझेशन मॅन' या १९५६ सालच्या पुस्तकाने त्याला नाव मिळवून दिलं होतं. नगरनियोजनाची पदवी त्याच्याकडे नव्हती. १९६९च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या नियोजन आयोगाबरोबर शहराच्या आराखड्यावर काम करत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण केलेल्या गोष्टी चालतात की नाही हे तपासायची सोय या एवढ्या मोठ्या यंत्रणेत कुठेच नाही. मग हंटर कॉलेजात शिकवत असताना त्याने तरुण निरीक्षकांचा एक छोटा गट जमवला. नाव ठेवलं, स्ट्रीट लाइफ प्रोजेक्ट. साल १९७०.

हत्यारं कोणती? वही, पेन्सिल, घड्याळ आणि काही सेकंदांनी एकेक चित्र टिपणारे छोटे फिल्म कॅमेरे. दूर बेटांवरच्या जमाती कशा राहतात हे बघायला अभ्यासक वर्षानुवर्षं तळ ठोकतात. पण आपल्याच शहराच्या नाक्यावर दुपारी एक वाजता माणसं कशी वागतात, हे तितक्या बारकाईने जवळपास कुणी पाहिलं नव्हतं. डोंगर-जंगलांतल्या मोहिमांना पैसा देणाऱ्या नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने या नाक्यावरच्या मोहिमेलाही निधी दिला, ते काही उगाच नाही.

मुलं कामाला लागली. १६ अंगणं आणि ३ छोटी उद्यानं. पहिला अंदाज साहजिकच होता: ऊन. माणसं उन्हात बसतात, सावलीतली अंगणं ओस पडतात. कॅमेऱ्यांनी सावल्या सरकताना टिपल्या आणि गारठ्याच्या दिवसांत लोक उन्हामागोमाग सरकतानाही टिपले. वाटलं, सापडलं उत्तर. मग उन्हाळा लागला, सावलीही हवीहवीशी झाली, आणि उन्हाचा सिद्धान्त कोसळला. दुसरा अंदाज: आकार. रुंद चौकोनी अंगण बरं, चिंचोळी पट्टी वाईट. तपासलं, तर सर्वाधिक भरणाऱ्या जागांत काही चक्क चिंचोळ्या पट्ट्या निघाल्या. तिसरा अंदाज: क्षेत्रफळ. मोठी जागा, जास्त लोक. तेही नाही, कित्येक अवाढव्य अंगणं सर्वांत रिकामी होती.

बरेच महिने असे गेल्यावर उत्तर हाती लागलं. तयार आहात? लोक तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते.

हसू आलं ना? खुद्द व्हाइटलाही आलं होतं. पण जरा थांबा. हे जर इतकं उघड असेल, तर जगातल्या नामांकित वास्तुविशारदांनी बांधलेल्या, एकाला दहा या भावाने विकत घेतलेल्या त्या २० एकरांत बसायला जागा का नव्हती? कठडे होते, पण बसता येऊ नये इतके उंच. किंवा वर लोखंडी खिळे ठोकलेले, कुणी टेकू नये म्हणून. आपल्याकडे दुकानाच्या पायरीवर टोकदार सळ्या बसवलेल्या असतात तोच प्रकार, फक्त ग्रॅनाइटमध्ये. आणि सीग्रामचं रहस्य तरी काय होतं? समोरच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंचे लांबलचक, ढोपराएवढे कट्टे. त्या इमारतीचा कर्ता मीस व्हान डेर रोह हा आधुनिक वास्तुकलेतला महामेरू. पण लोक त्या कट्ट्यांवर बसतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बसलेले पाहून तो चकित झाला, असं त्याचा सहकारी फिलिप जॉन्सन सांगायचा. म्हणजे शहरातलं सर्वांत यशस्वी अंगण निव्वळ योगायोगाने जमून आलं होतं!

इथवर आलेलं संशोधन एखाद्या नेमस्त अभ्यासकाने बांधून ठेवलं असतं. या गटाने मात्र फिल्म पुन्हा पुन्हा चालवून पाहिली, आणि खरी मजा इथून सुरू होते.

सीग्रामच्या एका कट्ट्याचा त्यांनी एका दिवसाचा तक्ता काढला. एका बाजूला कट्ट्यावरची जागा, दुसऱ्या बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंतची वेळ, आणि बसलेल्या प्रत्येक माणसासाठी एक रेघ: जितका वेळ बसला तितकी लांब. कागदभर लहानमोठ्या रेघा. एक उठतो, रेघ तुटते. थोड्या वेळाने जवळपास दुसरी सुरू होते. आता जेवणाच्या गर्दीच्या वेळी या रेघांवर उभी पट्टी ठेवून मोजा. कट्ट्यावर किती जण? वीसच्या आसपास. दहा मिनिटांनी? पुन्हा वीसच्या आसपास. आणखी अर्ध्या तासाने, जवळपास सगळी माणसं बदललेली असताना? तरीही तेवढेच! बाजूला अजून कित्येक जण दाटीवाटीने मावले असते. कुणी कुणाला सांगितलेलं नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. एकमेकांना अनोळखी शेकडो माणसांनी मिळून 'इथे इतकेच' हे ठरवलं होतं आणि त्यांच्यापैकी एकालाही आपण काही ठरवतोय याचा पत्ता नव्हता. कट्ट्याला स्वतःची अशी एक भरती असते. ती गाठली की नवा माणूस आपोआप पुढे सरकतो.

मग खुर्च्या. जिथे सुट्या खुर्च्या होत्या तिथली फिल्म बघताना मुलांच्या नजरेला एक विचित्र गोष्ट आली. एक बाई येते. खुर्ची रिकामी आहे, समोर जागा आहे, ऊन बरं आहे. ती खुर्चीची पाठ धरते, बोटभर इकडे सरकवते, पुन्हा थोडी तिकडे, आणि बसते. खुर्ची जवळजवळ होती तिथेच! पुढचा माणूस येतो, तोही तेच करतो. त्याच्या पुढचाही. सरकवण्याचा उपयोग शून्य. मग का? व्हाइटचा तर्क मला फार पटतो: बसण्याआधी माणसाला ती जागा आपली करून घ्यायची असते. शेजारी कुणी अनोळखी बसलेलं असेल तर खुर्ची दोन इंच लांब सरकवून तो न बोलता सांगतो, तुमच्या खाजगीपणात मी येत नाहीये. सिमेंटचं बाकडं हे बोलू शकत नाही. म्हणून सुटी खुर्ची, जी कुठल्याही नगरपालिकेच्या अभियंत्याला पहिल्याच रात्री चोरीला जाणारी वस्तू वाटते, ती या मुलांच्या तपासात सार्वजनिक जागेतली सर्वांत हुशार वस्तू ठरली.

आणि गप्पा? रस्त्यात दोन ओळखीचे भेटले की काय करतील? शहाण्यासारखे बाजूला, भिंतीकडे सरकतील, असं तुम्हालाही वाटेल, त्यांनाही वाटलं होतं. फिफ्थ ॲव्हेन्यूवर एका प्रसिद्ध दुकानाच्या कोपऱ्यावर त्यांनी कॅमेरा लावला आणि लांबलेल्या प्रत्येक संभाषणासाठी नकाशावर एकेक ठिपका दिला. ठिपके कुठे गोळा झाले? ऐन कोपऱ्यावर, गर्दीच्या मुख्य धारेत! माणसं धारेबाहेर पडत नाहीत. उलट कडेला भेटलेली माणसं बोलता बोलता मधे येतात. लोक त्यांना चुकवून, खांदे तिरके करून जातात आणि यांना त्याचं काही नाही. 'चला, निघतो' म्हणून झाल्यावर दोन पावलं टाकून परत वळायचं, नवा विषय काढायचा, पुन्हा निरोप घ्यायचा, हेही फिल्ममध्ये जसंच्या तसं. मधेच का उभं राहायचं? कदाचित तिथून सुटका सोपी म्हणून. भिंतीला टेकून गप्पा मारणारा अडकतो. धारेत उभा असलेला कधीही वाहत निघून जाऊ शकतो.

असे धक्के एकामागून एक. प्रेमी जोडपी कोपऱ्यात, आडोशाला सापडतील? फिल्म म्हणते, सगळ्यांना दिसेल अशा दर्शनी जागी. माणसाला गर्दी नको असते? विचारलं तर प्रत्येक जण तेच सांगतो, पण पाय त्याला घेऊन जातात जिथे आधीच माणसं आहेत तिथे. जागा सुरक्षित आहे की नाही हे कसं ओळखायचं? बसलेल्यांत बायका किती ते मोजा. बायका जागा निवडताना जास्त चोखंदळ असतात. त्यांचं प्रमाण घसरलं की त्या जागेत काहीतरी बिघडलंय हे कुठल्याही तक्रार-वहीच्या आधी कळतं. आणि नको असलेली माणसं, दारुडे वगैरे, येऊन बसू नयेत म्हणून बाकडी काढून टाकली तर? बाकीचे सगळे निघून जातात आणि नको असलेली तेवढी राहतात. रिकामी जागाच त्यांना सोयीची. उपाय उलटा: जागा इतकी चांगली करा की बाकीच्यांनी ती भरून जाईल.

या सगळ्या टिपणवह्यांचं पुढे काय झालं? कायदा झाला. १९७५ साली न्यूयॉर्कने अंगणांचा नियम बदलला: यापुढे दर तीस चौरस फूट अंगणामागे किमान एक फूट लांबीची बसायची जागा दिलीच पाहिजे. मुलांनी नाक्यावर उभं राहून मोजलेली गोष्ट जगातल्या एका बलाढ्य शहराच्या बांधकाम नियमावलीत फूटपट्टीसकट जाऊन बसली. त्याच वर्षी, व्हाइटबरोबर काम केलेल्या फ्रेड केंटने 'प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस' ही संस्था काढली. १९८०मध्ये व्हाइटचं 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हे पुस्तक आणि त्याच नावाचा माहितीपट आला. वास्तुकलेचे विद्यार्थी अजूनही तो बघतात आणि त्या खुर्चीच्या प्रसंगाला अजूनही हसतात.

मिडटाउनमधल्या ब्रायंट पार्कचं उदाहरण तर नियोजनाच्या वर्गात हमखास निघतं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागचं हे उद्यान सत्तरच्या दशकात गर्दुल्ल्यांच्या आणि अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या ताब्यात गेलं होतं. व्हाइटला विचारलं, काय करावं? त्याने बघितलं: उद्यान रस्त्यापासून उंचावर, भोवती लोखंडी कुंपण, त्याला लागून दाट झुडपं. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला निघायच्या वाटा कमी. शांतता मिळावी म्हणून केलेली रचना गुन्हेगारांना आयती मिळाली होती. त्याचा सल्ला: झुडपं काढा, वाटा रुंद करा, खायला-प्यायला ठेवा, आणि सुट्या खुर्च्या मांडा. १९९२मध्ये उद्यान नव्या रूपात उघडलं आणि ऑफिसांतली माणसं डबे घेऊन तिथे लोटली. खुर्च्यांना साखळ्या नाहीत.

पण हे खूळ एकट्या न्यूयॉर्कचं नव्हतं. त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे कोपनहेगनमध्ये यान गेल नावाचा तरुण वास्तुविशारद अगदी हेच करत होता. त्याच्या बाबतीत सगळं एका घरगुती प्रश्नाने सुरू झालं. बायको इनग्रिड मानसशास्त्रज्ञ. तिचा आणि तिच्या मित्रमंडळींचा सवाल: तुम्हा वास्तुविशारदांना माणसांमध्ये रस का नसतो? इमारतींचे फोटो काढता तेही पहाटे, कुणी नसताना! नवरा-बायको १९६५ साली अभ्यासवृत्ती घेऊन इटलीला गेले आणि तिथल्या चौकांत दिवस दिवस बसून माणसं मोजू लागले. आस्कोली पिचेनो या गावात तर स्थानिक वर्तमानपत्राने दखल घेतली: हा दाढीवाला भटका दिसतो खरा, पण तसा नाही.

परत आल्यावर कोपनहेगनमध्ये प्रयोगशाळा आयती तयार होती. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी शहराने आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, मोटारींना बंद केला होता. एक किलोमीटरहून थोडा लांब. तेव्हा काय ओरडा झाला! गाड्या नाहीत तर गिऱ्हाइकं नाहीत, दुकानं बुडणार. आणि शिवाय आपण डेन्मार्कचे, इटलीचे नव्हे. या थंडीत रस्त्यावर उभं राहायला कोण येणार? हे सगळे युक्तिवाद आपल्याला फार ओळखीचे आहेत. लक्ष्मी रोड किंवा दादरच्या रानडे रोडवर गाड्या बंद करायचं नुसतं सुचवून बघा.

वाद घालायचा तर दोन्ही बाजूंनी जन्मभर घालता येतो. गेल आणि वास्तुकला विद्यालयातले विद्यार्थी वाद घालायला गेलेच नाहीत. ते मोजायला गेले. त्यासाठी लागणारी युक्ती इतकी साधी आहे की शाळेतलं पोरही करील. रस्त्यावर मनात एक रेघ आखायची आणि तासातली फक्त दहा मिनिटं ती रेघ ओलांडणारे मोजायचे. सहाने गुणलं की तासाचा आकडा. मग नकाशा घेऊन जागेतून एक फेरी मारायची आणि उभा असलेला, बसलेला, बोलणारा, खाणारा, प्रत्येक जण आपापल्या खुणेने त्या नकाशावर उतरवायचा. काही वेळा माणूसही लागत नाही: ताज्या बर्फावर उमटलेली पावलं किंवा हिरवळ कापून पडलेली पायवाट सांगते की आखलेला रस्ता चुकलाय.

आणि मग दिसायला लागतं. थंडीत माणसं भराभर चालतात, उन्हाळ्यात रेंगाळतात. म्हणजे तेवढीच माणसं येऊनही उन्हाळ्यात रस्ता जास्त भरलेला दिसतो, कारण प्रत्येक जण जास्त वेळ तिथे असतो! रस्ता जिवंत करायचा तर माणसं वाढवण्याइतकाच माणसाचा मुक्काम वाढवणं हा उपाय आहे, हे त्या घड्याळातून निघालं. बँकेच्या लांब काचेपुढे कुणी थांबत नाही. खेळण्यांच्या दुकानापुढे, वर्तमानपत्रांच्या टपरीपुढे, सिनेमाच्या फोटोंपुढे थांबतात. खोदकाम चालू असलेल्या खड्ड्याभोवती तर घोळकाच. काम थांबलं, कामगार गेले, की घोळकाही गेला. आकर्षण खड्ड्याचं नव्हतं, खोदणाऱ्या माणसांचं होतं. जेसीबीभोवती जमणाऱ्या गर्दीवर २०१९मध्ये आपण इंटरनेटवर पोटभर हसलो. १९६८च्या डॅनिश अभ्यासात ती गर्दी सापडते.

गेलचं मोजणं एवढ्यावर थांबलं नाही हे त्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य. १९६८ची मोजणी १९८६मध्ये पुन्हा झाली, १९९५मध्ये पुन्हा. विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या, पद्धत तीच. दरम्यान शहर दरवर्षी मध्यवस्तीतली पार्किंगची थोडीथोडी जागा गुपचूप कमी करत होतं, दोन-तीन टक्के, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही इतकीच. पार्किंगचे तळ झालेले चौक एकेक करून पुन्हा चौक झाले. १९६२मध्ये पायी चालणाऱ्यांची जागा १५,८०० चौरस मीटर होती. १९९६पर्यंत ती ९५,००० चौरस मीटरच्या वर गेली. जवळजवळ सहापट. एवढी जागा भरायला माणसं आणायची कुठून? मध्यवस्तीची लोकसंख्या काही सहापट झालेली नव्हती. तरी जागा भरत गेली. आकडे समोरासमोर मांडले तेव्हा एक हिशेब निघाला: दर चौदा चौरस मीटर नव्या जागेमागे एक नवा कोपनहेगनकर येऊन थांबला होता.

चौदा चौरस मीटर म्हणजे मुंबईतल्या एका चाळीतल्या खोलीएवढी जागा. तेवढी मोकळी करा, एक माणूस येईल. पुन्हा तेवढी करा, आणखी एक येईल. जणू ही माणसं कुठेतरी वाट बघत थांबलेली होती. आणि थंडी? नोव्हेंबरात रस्त्यावर कोण बसणार म्हणणाऱ्या त्या शहरात १९९५ साली कॅफेंच्या बाहेर, उघड्यावर, पावणेपाच हजारांच्या आसपास खुर्च्या मांडलेल्या होत्या.

२००९च्या मे महिन्यात हा सगळा शहाणपणा फिरून न्यूयॉर्कला पोचला. तिथल्या वाहतूक विभागाने गेलच्या चमूला बोलावून मोजणी करून घेतली होती. टाइम्स स्क्वेअरचा निकाल: येणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण पायी, आणि जागेचे दहातले जवळजवळ नऊ हिस्से गाड्यांना. ब्रॉडवेचा तो तुकडा बंद केला. पण टेबल-खुर्च्यांची ऑर्डर वेळेत आली नव्हती! मग कुणीतरी जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तशा रंगीत घडीच्या स्वस्त खुर्च्या आणल्या आणि डांबरावर मांडल्या. त्या टेकवताच भरल्या. वर्तमानपत्रांत रस्ता बंद केल्याच्या बरोबरीने त्या खुर्च्या छान की भिकार यावरच वाद झाला, ही माझ्या मते त्या प्रयोगाची सर्वांत मोठी पावती.

आता या सगळ्याच्या मागे जाऊ, कारण मागे आपलं गाव लागतं. एडिंबराच्या जुन्या शहरात १८८७च्या सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचा एक जीवशास्त्रज्ञ आपल्या बायकोला, ॲनाला, घेऊन भरवस्तीतल्या कळकट वाड्यात राहायला गेला आणि विद्यार्थ्यांनाही तिथेच राहायला आणलं. मुलांनी भिंतींना चुना दिला, उकिरडे उपसले, पडक्या कोपऱ्यांत बागा केल्या. गेडिसचं म्हणणं असं की शहर हा जिवंत प्राणी आहे. चाकू लावण्याआधी नाडी बघा, आणि नाडी पायी फिरूनच कळते. १९१४मध्ये तो भारतात यायला निघाला. त्याचं नगररचनेचं प्रदर्शन वेगळ्या जहाजाने येत होतं. ते जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवलं. गडी डगमगला नाही, मित्रांकडून नवी सामग्री गोळा करवली आणि गावोगाव फिरत राहिला. सरळ रुंद रस्त्यासाठी अख्खी आळी पाडायला निघालेल्या अभियंत्यांना तो सांगे, इथलं एक पडकं घर काढा, तिथे झाड लावा, विहीर साफ करा. खर्च थोडा आणि माणसं जागची हलत नाहीत.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापक हाच गेडिस. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायची होती, तेव्हा मालवणात जन्मलेल्या एका तरुणाने निबंध लिहिला तो मुंबई या शहरावर. गेडिस खूश. तो तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये, ज्यांना पुढे भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हटलं गेलं. म्हणजे आपल्या देशातल्या या शास्त्राच्या पायाशीही आपलं शहर डोळे उघडून बघणारा एक विद्यार्थी उभा आहे!

तुमच्या कॉलेजातल्या मुलांना यातलं काही करून बघायचं असेल, तर खर्च वहीचा. स्टेशनबाहेरचा चौक घ्या, एसटी स्टँडसमोरचा रस्ता घ्या, नगरपालिकेच्या बागेचं फाटक घ्या. तासातली दहा मिनिटं, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. बायका वेगळ्या मोजा, पोरं वेगळी, काठी टेकत येणारे वेगळे. बाकड्यावर बसलेल्यांपेक्षा बाकडं सोडून पायरीवर, कठड्यावर, बंद दुकानाच्या ओट्यावर, लावून ठेवलेल्या स्कूटरवर बसलेल्यांकडे जास्त लक्ष द्या. बाकडी कुठे हवी होती ते तीच माणसं सांगतात. भेळवाल्याला, रिक्षावाल्याला विचारा, ते तुमच्याआधीपासून मोजताहेत. आणि जूनमध्ये एकदा भर पावसात जरूर मोजा, कारण आपल्या शहरांचे नकाशे बहुतेक कोरड्या हवेतच काढलेले असतात. फक्त जोडीने जा. एकाने छत्री धरायची.